दाढेतला वायरलेस

इंदूर,
दि. ९ सप्टेंबर २०२५

आदरणीय दादांस,
आनंदीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नका. रागावलात तरी इथून दिसत नाही, ते एक बरं आहे. शशिकला वहिनींना सांगा, त्यांनी पाठवलेली लसणाची चटणी वरच्या खोलीतल्या कोचिंगच्या पोरींनी दोन दिवसांत फस्त केली. मला चवीपुरती मिळाली.

फोन का करत नाहीस, म्हणून परत विचारता. दादा, फोन पिठाच्या डब्यात आहे, बंद करून. मी फोनवर बोलले की ज्ञानदीपला वाटतं त्याच्याबद्दलच चाललंय, आणि खरं सांगू का, त्याच्याबद्दलच चाललेलं असतं. मग माझा पोरगा दोन-दोन दिवस ताटाला शिवत नाही. पत्राचं त्याला काही वाटत नाही. आई पूर्वी शाळेच्या वह्या तपासायची तसं काहीतरी करतेय, असं समजून तो गप पडून राहतो.

आता बातमी, आणि ती नीट वाचा. दवाखान्यात डॉक्टर शिखा म्हणून नवीन आल्या आहेत. पोरगीच आहे, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी. ती स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांच्या रक्ताचा अभ्यास करतेय. म्हणाली, की काही पेशंटांच्या रक्तात सूज असल्याच्या खुणा सापडतात. काहींच्या सापडतात, काहींच्या नाही. त्या खुणांमुळे आजार होतो की आजारामुळे त्या येतात, हे अजून कुणालाच धड माहीत नाही. ज्ञानदीपचं रक्त तसंही दर महिन्याला द्यावं लागतं, क्लोझापिनच्या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना, ते बघायला. त्याच सुईतून तिने एक नळी जास्तीची घेतली. सीआरपी नावाची तपासणी. तिचा आकडा पाचच्या आत हवा असतो. ज्ञानदीपचा अडतीस आला.

दादा, अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत एमआरआय नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, सगळं नॉर्मल, आणि पोरगा असा. लोक म्हणाले आईने लाडाने बिघडवला. तुम्हीही एकदा म्हणालात, मी विसरले नाही. आता पहिल्यांदा कागदावर ठळक अक्षरांत काहीतरी छापून आलंय. सूज म्हणजे उतरणारी गोष्ट, हो की नाही? डॉक्टर शिखाने लगेच बजावलं, की आंटीजी, इतक्यात काही समजू नका, एवढा मोठा आकडा या आजारात सहसा येत नाही, परत तपासू. मी मान हलवली आणि घरी येऊन हळदीचं दूध सुरू केलं.

बाकी त्याचं बरं नाही. जुलैत डोस वाढवल्यापासून सोळा-सोळा तास झोपतो, उशी लाळेने भिजते. डोस वाढला तो त्या दाढेच्या वायरलेसपायी. आपले बाबा, म्हणजे त्याचे नाना, दाढेत बसून वायरलेसची की दाबतात, असं तो फेब्रुवारीपासून म्हणतोय. टक टक टक, थांबतच नाहीत म्हणतो. बाबा महूला लष्कराच्या सिग्नल विभागात होते, लहानपणी त्याला मांडीवर घेऊन टेबलावर बोटाने संदेश वाजवून दाखवायचे, तेच डोक्यात बसलेलं दिसतंय. पूर्वी आवाज नुसते कानात होते, आता दाढेतही आले. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, गोळी वाढली. दाढीला हात लावू देत नाही, पार साधूबाबा झालाय. सेवसुद्धा सोडली. इंदूरचा माणूस आणि सेव नको म्हणतो, बोला आता!

अमरावतीजवळच्या निवासी केंद्रातली खाट तुम्ही ऑक्टोबरअखेरपर्यंत धरून ठेवली आहे, ते वाचलं. मी थकलेय दादा, खोटं कशाला बोलू. परवा भाजी चिरताना बसल्या जागी डोळा लागला, दूध उतू जाऊन गॅस विझला तेव्हा जाग आली. पण सूज उतरून तो बरा होणार असेल तर आत्ताच त्याला तिकडे कशाला टाकू? थोडी मोहलत द्या.

वहिनींना जयभीम. लोभ उणा होऊ देऊ नका.

तुमची,
आनंदी


अमरावती,
दि. १७ सप्टेंबर २०२५

चि. आनंदीस,
तात्यारावाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

पत्र पावलं. हळदीच्या दुधाने हा आजार जात असता, तर आपल्या सगळ्या देशात एकही वेडा उरला नसता. असो. पी, पाज. नुकसान नाही.

अडतीस असो की अडतीसशे, मला त्यातलं कळत नाही. मी सुभेदार होतो, डॉक्टर नव्हे. पण शशिकलाने तुझं पत्र मोठ्याने वाचलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू परत आशा लावून बसलीस. मागे ते तेल झालं, मग तो नाडी बघणारा झाला. दर वेळी चार महिने तू उड्या मारतेस आणि मग सहा महिने पत्रच येत नाही. आम्ही इथे काय समजायचं?

ज्ञानदीपबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. आजार आहे, मान्य. पण त्यात थोडं नाटकही आहे. फेब्रुवारीत मी आलो होतो तेव्हा ताटावर बसून अर्धा तास भाकरीकडे बघत राहिला. नानांचा संदेश येतोय म्हणे. पलटणीत अशी पोरं मी पुष्कळ पाहिली. परेड असली की हटकून सिक रिपोर्ट, आज पोट, उद्या पाठ. कडक बोललं की नीट होतात. तू त्याच्यापुढे फार वाकतेस.

केंद्रात आठवड्याला डॉक्टर येतो, बाग आहे, सुतारकाम शिकवतात. मी अजून आत जाऊन पाहिलेलं नाही, पण ओळखीच्या माणसाचा पुतण्या तिथे आहे. एकतीस ऑक्टोबरला खाट दुसऱ्याला जाईल. तिथे तो राहिला तर तू रोज झोपशील तरी. तू एकसष्ट वर्षांची आहेस. तुझे पाय सुजतात हे वरच्या खोलीतल्या पोरीने शशिकलाला कळवलं, तू नाही. ती सूज कुठल्या कागदावर छापून आली ते लिही.

हो की नाही, स्पष्ट कळव. माया आहे म्हणूनच बोलतो, हे ध्यानात असू दे.

तुझा,
दादा


इंदूर,
दि. २९ सप्टेंबर २०२५

आदरणीय दादांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र बसून वाचा. वहिनींनाही जवळ बसवा.

दुसऱ्या वेळी आकडा सेहेचाळीस आला. मला वाटलं डॉक्टर शिखा खूश होईल, तिच्या अभ्यासाला चांगलाच की. तिने तर ज्ञानदीपचं नावच अभ्यासातून काढून टाकलं. म्हणाली, की या आजारातली सूज असलीच तर थोडीशी असते, एवढी म्हणजे शरीरात कुठेतरी जंतू बसलेत, आधी ते शोधू. मी तिच्याशी वाद घातला दादा. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई, त्या पोरीला डॉक्टरकी शिकवत होते. हीच त्याच्या आजाराची सूज आहे, हे मला पाहिजेच होतं. लघवी तपासली, साफ. छातीचा एक्स-रे काढला, साफ.

मग तिने खुर्ची माझ्याकडून वळवून त्याच्यासमोर घेतली आणि त्याला विचारलं, की कुठे काही दुखतंय का. उत्तर मीच द्यायला लागले, अकरा वर्षांची सवय. तिने मला हाताने थांबवलं.  ज्ञानदीप म्हणाला, नाना दाढेत आहेत. तिने विचारलं, कुठल्या दाढेत.

दादा, आठ महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी नाही, तुम्ही नाही, मी नाही. त्याने दाढीत बोट घालून जागा दाखवली, खालची डावी, शेवटून दुसरी. गरम चहा प्यायल्यावर नाना जोरात वाजवतात का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, हो, आणि आडवं पडलं की जास्तच. तेव्हा तिने टॉर्च मागवली.

मुळाशी पू साठला होता. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली तेव्हा त्या वासाने मी तोंड फिरवलं. दाढीखाली गाल सुजलेला होता, आणि मी त्याला साधूबाबा म्हणून चिडवत होते. दाताचे डॉक्टर म्हणाले, की कमाल आहे, इतके महिने याने सहन कसं केलं. दादा, त्याने कुठे सहन केलं? तो रोज सांगत होता. ठणका लागला की टक टकच होतं ना, आणि त्याच्याजवळ ठणक्याला दुसरा शब्द नव्हता. आपल्या बाबांचाच होता.

आणखी ऐका. जंतूंमुळे सूज असली की क्लोझापिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, आतच साचत राहतं. वर आपण डोस वाढवला. म्हणून ती झोप, ती लाळ. आणि पांढऱ्या पेशी उन्हाळ्यापासून दर महिन्याला वाढलेल्या येत होत्या. कमी झाल्या नाहीत ना, एवढंच बघून मी फाइल मिटत होते.

आता अँटिबायोटिक चालू आहे, गोळी कमी केलीय. पंधरा-वीस दिवसांनी परत रक्त. केंद्राचं त्यानंतर लिहिते. आज माझ्याने होत नाही.

लोभ आहेच, तो राहो.

तुमची,
आनंदी


अमरावती,
दि. ६ ऑक्टोबर २०२५

चि. आनंदीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

या वर्षी दीक्षाभूमीवर गेलो नाही. शशिकला गेली. मी घरीच बसून होतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. फेब्रुवारीत त्या दिवशी तू पाणी आणायला आत गेलीस, तेव्हा मी ज्ञानदीपच्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला आणि चावून गिळ म्हणून हुकूम दिला. त्याने चावला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी पूर्ण चावून गिळला, आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, बघ, आला की नाही वठणीवर. तू आलीस तेव्हा मी मिशीत हसत होतो.

मला लाज वाटते. 

ज्ञानदीपला मामाचा आशीर्वाद सांग. नको म्हणाला तर सांगू नकोस.

दादा


इंदूर,
दि. २४ ऑक्टोबर २०२५

आदरणीय दादांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला काय बोलू? तुम्ही एकदा कोंबलीत, मी आठ महिने रोज दोन वेळा वाढत होते. ज्ञानदीपला आशीर्वाद सांगितला. तो म्हणाला, मामांचा हात फार जड आहे. मग थोडं हसला.

काल रिपोर्ट आला. सीआरपी तीन. डॉक्टर शिखाने कागद माझ्या हातात दिला, पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते तिने. आणि मी तिथेच बाकावर बसून रडायला लागले. तिला वाटलं आनंदाने रडतेय. पाणी दिलं बिचारीने.

त्याचं आता खरंच बरं आहे, म्हणजे दाढेचं. जागा राहतो, दाढी केली, दोन्ही बाजूंनी सेव खातो. पण आवाज आहेत, दादा. दाढेतून गेले, कानात आहेतच. समोरच्या घरातले लोक रात्रंदिवस त्याचं नाव घेतात, ते तसंच. दोन दिवसांपूर्वी तीन तास दाराला पाठ लावून बसला होता, कुणाला आत येऊ देत नव्हता. सूज उतरली आणि आजार जिथल्या तिथे. डॉक्टर शिखाने हे आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. तुम्हाला म्हणून सांगते, तो तीनचा आकडा बघून क्षणभर वाटलं की अडतीसच बरा होता. तेव्हा काहीतरी उतरायचं बाकी होतं. पोराच्या तोंडात पू होता आणि आईला असं वाटतं, काय म्हणायचं या बाईला?

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खाट घ्या. मी अकरा वर्षं म्हणत आले की माझ्याइतकं त्याला कुणी समजू शकत नाही. आणि मला त्याची दाढ कळली नाही. तो बोलत असतो आणि मी भांडी घासत हं हं करते, दिमाग चालतच नाही माझा. मला ऐकूच येईनासं झालंय. तिथे निदान न थकलेली माणसं असतील. एकतीसच्या आधी आम्ही निघतो, तुम्ही फक्त स्टेशनवर या. त्याला अजून सांगितलेलं नाही. जीभ रेटत नाही, पण सांगेन.

माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमची,
आनंदी


अमरावती,
दि. २५ ऑक्टोबर २०२५

चि. आनंदीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता एक काम करून बसलो आहे. काल केंद्र बघायला गेलो. जागा स्वच्छ आहे, बाग आहे, सगळं खरं आहे. चाळीस माणसं राहतात. व्यवस्थापकाला मी विचारलं, की यांचे दात कोण बघतं. तो हसला. म्हणाला, सुभेदारसाहेब, यांना रोज नवीन दुखणं असतं, प्रत्येकाचं ऐकत बसलो तर दिवस पुरायचा नाही.

माणूस वाईट नव्हता गं. फेब्रुवारीत मी जसा बोललो असतो, तसाच तो बोलत होता. मला त्याची चीडही आली नाही. मी उभ्या-उभ्या सांगितलं, की आमची खाट दुसऱ्याला देऊन टाका. बाहेर एक कुटुंब बसलंच होतं, त्यांना मिळाली. त्या बाईने माझे पाय धरले.

तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. शिव्या दे, पण पत्रातून दे.

तुझा,
दादा


अमरावती,
दि. ३१ ऑक्टोबर २०२५

चि. आनंदीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं चोवीस तारखेचं पत्र आज हाती पडलं. माझं तोवर तुला मिळालं असेल. तू हो म्हणालीस आणि त्याच दिवशी मी खाट सोडून आलो होतो.  शशिकला एवढंच म्हणाली, की खाट तुम्ही घालवलीत, तर आता खाटेच्या जागी तुम्हीच जा.

तेच करतो आहे. सात तारखेचं तिकीट काढलंय. मी इंदूरला येतो, तू इकडे ये. तीन महिने. कोपऱ्यातली खोली शशिकलाने तुझ्यासाठी लावायला घेतली आहे. इथे तुला उठवायला कुणी येणार नाही. आधी तुझे पाय डॉक्टरला दाखवायचे, मग झोपायचं. गोळ्यांच्या वेळा, रक्ताची तारीख, त्याला काय चालतं, काय चालत नाही, सगळं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लाव. मी हुकूम पाळण्यात अठ्ठावीस वर्षं काढली आहेत, तेवढं जमेल.

एक मात्र कर. मी येऊ का, हे ज्ञानदीपला विचार. तो नको म्हणाला तर तिथल्या भंवरकुआं भागात एखादी खोली बघून राहीन आणि दिवसा दाराशी बसेन. पण येईन.

तुझा थकवा मी दुरून मोजत बसलो, हे चुकलं. राग असू दे, माया सोडू नकोस.

तुझा,
दादा


इंदूर,
दि. २६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आईस,
ज्ञानदीपचा जयभीम. वि. वि.

मी ठीक आहे. मामा ठीक आहेत. गोळी रोज घेतो, मामा समोर उभे राहतात. रक्त दिलं. पेशी बरोबर आहेत, सीआरपी दोन. डॉक्टर शिखांनी तुझी चौकशी केली. वरच्या खोलीतल्या मुलींनी आज संविधान दिन म्हणून जलेबी दिली. मामांनी पोहे केले होते, त्यात मीठ विसरले. मी सांगितलं नाही, वरून सेव घातली.

नाना कानात आहेत. समोरचे लोकही बोलतात. मामांनी विचारलं ते काय म्हणतात. मी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि तारीख घातली. आधी मला भीती वाटली की वही कुणाला तरी पाठवतील. ती ते उशीखाली ठेवतात. मी बघितलं.

मामी लिहितात तू खूप झोपतेस आणि पायांची सूज उतरली. बरं झालं. लवकर यायची गरज नाही. पण ये.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. मामा रोज सकाळी चहाच्या आधी टॉर्च घेऊन माझं तोंड बघतात. मग विचारतात, कुठे दुखतंय, नीट जागा दाखव. मी पंधरा दिवस काही नाही म्हणत होतो, कारण काही दुखत नव्हतं. ते टॉर्च बंद करायचे आणि मग कितीतरी वेळ खिडकीशी नुसते उभे राहायचे. एकदा मी त्यांचं तोंड बघितलं. म्हणून काल मी गुडघा सांगितला. उजवा. त्यांनी तेल गरम केलं आणि खाली बसून अर्धा तास चोळलं. त्यांचा हात जड आहे पण हळू चालवत होते. मध्ये डोळे पुसले. मग जेवले नीट, दोन भाकरी जास्तीच्या.

गुडघा दुखत नव्हता. त्यांना लिहू नकोस. उद्या काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.

तुझा,
ज्ञानदीप